कॅरिअर नसलेली सायकल

साताऱ्याहून पंढरपूरला जाणारा रस्ता कृष्णा ओलांडतो, जरंडेश्वराचा डोंगर सोबतीला घेतो आणि कोरेगावात शिरतो. हे कोरेगाव १८१८ च्या लढाईचे, भीमेकाठचे नव्हे. तिळगंगेच्या काठचे, घेवड्याचे आणि आल्याचे. सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि एसटीच्या कडेकडेने हेल्मेटवाल्या सायकलस्वारांचे घोळके जाताना दिसतात. त्यांतल्या बऱ्याच सायकली आता कार्बनच्या असतात. वजन सात-आठ किलो, किंमत लाखाच्या पुढे. त्यांना कॅरिअर नसते, स्टँड नसतो, मडगार्ड नसते, बहुतेकींना घंटीही नसते. स्वाराचे सामान म्हणजे जर्सीच्या पाठीवरच्या तीन खिशांत मावेल तेवढे: मोबाइल, दोन केळी, चिक्कीची वडी.

याच स्वारांना आता नवा प्रश्न पडला आहे. सकाळी निघून दुपारी जेवायला घरी यायचे, याचा त्यांना कंटाळा आला आहे. पंढरपुरात मुक्काम करावा, आंबोलीमार्गे गोव्यात उतरावे, चार दिवस हिंडावे असे वाटते. मग दोन जोड कपडे, रेनकोट, चार्जर, जादा ट्यूब, पंप, औषधे असे पाच-सहा किलो सामान होते. ते बांधायचे कुठे? दुकानदार मान हलवतो. सायकलीबरोबर आलेल्या पुस्तकात कॅरिअर बसवू नका असे बजावलेले असते. नळीला आवळून पाहावे, तर दोन लाखांचा सांगाडा तडकेल ही धास्ती.

प्रश्न हौशी लोकांचा आणि किरकोळ वाटेल. पण वाहनावर सामानाला जागा आहे की नाही, यावरून ते वाहन कोणाचे आणि कशासाठी हे ओळखता येते. सायकलीच्या बाबतीत आपल्याकडे हा हिशेब सव्वाशे वर्षांत दोनदा पालटला. आता तिसऱ्यांदा पालटू पाहतो आहे, आणि या वेळी तो योग्य दिशेने पालटावा असे आम्हाला वाटते.

हलके असण्याचा अभिमान या मुलखाला जुनाच आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला, तेव्हा त्याची छावणी म्हणजे एक चालते शहर होते. तंबू, बाजार, हत्ती, उंट, तोफा, जनानखाना, कारखाने, सगळे बरोबर. प्रयागजी प्रभूंनी किल्ला काही महिने झुंजवला आणि १७०० च्या एप्रिलात तो पडला. पण त्या अवजड छावणीला मराठ्यांच्या सड्या फौजांनी दख्खनभर पळवून पळवून दमवले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या स्वारांची सगळी ताकद वेगात होती, आणि तो वेग बोजा नसल्यामुळे होता. साठ वर्षांनी फासे उलटे पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर उभ्या राहिलेल्या मराठी लष्कराच्या पाठीशी बुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले यांचा मोठा जमाव होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि लढाईआधी उपासमारीनेच निम्मे काम केले.

शाळेत आपण यातून एवढेच शिकतो की ज्याचे ओझे कमी, तो जिंकतो. ही गोष्ट अर्धीच आहे. सड्या स्वाराच्या घोड्यालाही वैरण लागे, स्वारालाही भाकर लागे. ती वाटेवरच्या गावांतून येई. शिवाजी महाराजांना हे पक्के ठाऊक होते. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना त्यांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आधीच उधळलीत तर तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि याहून मोगल बरा असे रयत म्हणेल, असा त्याचा आशय. घोड्याच्या पाठीवर जे ओझे नव्हते, ते कुणब्याच्या कणगीवर पडणार होते. हलके झाल्याने ओझे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी सरकते. ते कोणाकडे सरकले, हे विचारायला इतिहास लागतो. सायकलीलाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

आजच्यासारखी दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्लीने १८८५ साली आणली. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले १८८८ मध्ये. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि तिकडून सायकली पाठवत. रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. परवडणारे गिऱ्हाईक म्हणजे साहेबलोक आणि मोजके धनिक. हवा खायला निघणाऱ्या या लोकांना सायकलीवर बोचके बांधायची गरजच नव्हती. त्यांचे सामान टांग्यातून किंवा हमालाच्या डोक्यावरून जाई. आजची कार्बन सायकल जशी ऐपतीची खूण, तशीच ती पहिली सायकल होती, आणि दोन्हींवर सामानाला जागा नाही हा योगायोग नव्हे.

बदल घडला तो लोखंडाच्या कामामुळे. लक्ष्मणराव सायकलींवरून नांगरांकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडे कोरेगाव तालुक्यात, सातारा रोडला, धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. तिथेही आधी नांगर आणि मग तेलावरची इंजिने झाली. हेच कूपर पुढे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील त्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते आणि कूपरांच्या कारखान्यासाठीही राबले होते. मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेने दोन कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर फिटर, टर्नर, लोहार यांची एक पिढी तयार झाली. लोखंड तापवावे, वाकवावे, जोडावे आणि आपल्या कामाजोगे करून घ्यावे, हे या भागाला परके राहिले नाही. विलायती सायकल इथे देशी झाली ती याच हातांनी.

स्वातंत्र्याच्या सुमारास सायकल देशातच बनू लागली. वरळीची हिंद सायकल्स १९३९ पासूनची. मद्रासची टीआय, आसनसोलची सेन-रॅले, सोनपतची अ‍ॅटलास आणि लुधियान्याची हिरो या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातल्या. त्या काळ्या सायकलीला आज कोणी सुबक म्हणणार नाही. पण तिच्यासमोर जरा उकिडवे बसून पाहावे. वजन वीस किलोच्या वर. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. आठ जास्त, कारण भार मागे पडणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरले आहे. मालवाहू प्रकारात वरची दांडी एकाऐवजी दोन. मागचे चाक सीटपासून बरेच मागे, म्हणजे कॅरिअरला काहीही लटकवले तरी टाच अडत नाही. आणि कॅरिअरचे दोन्ही पाय खाली जाऊन थेट मागच्या एक्सलच्या नटात बसलेले. गोणी कॅरिअरवर ठेवली की तिचा भार त्या पायांतून एक्सलवर, एक्सलवरून चाकावर, चाकातून जमिनीवर उतरतो. सांगाड्याच्या नळ्यांना त्याची झळ फारशी लागत नाही. कोणत्याही पुस्तकात न वाचता खेड्यातल्या प्रत्येक सायकल दुरुस्तीवाल्याला हे माहीत होते.

या सायकलीने काय वाहिले नाही? दुधाचे कॅन, त्यांच्यासाठी लोहाराकडून ठोकून घेतलेल्या आकड्यांना अडकवलेले. उसाचे वाढे आणि कडब्याच्या पेंढ्या, इतक्या की समोरून सायकल दिसू नये. टपालाची पिशवी. वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पाववाल्याची पत्र्याची पेटी, गारेगारवाल्याचा लाकडी खोका. सुऱ्यांना धार लावणारा तर सायकल स्टँडवर चढवून पायडलनेच सहाण फिरवी. स्टेशनवर उतरलेला पाहुणा दांडीवर, त्याची ट्रंक कॅरिअरवर आणि नेणारा भाचा मधे. शहरात डबल सीट पकडून पोलीस दंड करीत, तो लोक निमूट भरत आणि पुढच्या वळणावर पुन्हा मागे बसत.

जगातही तेच. १९५४ मध्ये व्हिएतनामींनी डिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंचांना हरवले, तेव्हा त्यांची बरीच रसद जंगलवाटांनी सायकलींवरून आली होती. हँडलला आणि सीटच्या नळीला बांबू बांधून, स्वार न होता ढकलत नेलेल्या एकेका सायकलीवर दोनशे किलोच्या वर बोजा असे. विमाने आणि ट्रक असलेल्या सैन्यापुढे हे वाहन कमी पडले नाही. घेणाऱ्याला सायकल आपल्या गरजेप्रमाणे बदलता आली, हे त्याचे कारण.

लांब पल्ल्याच्या मुशाफिरीलाही याच सायकलीने वाट दिली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण जगाच्या फेरीला निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असे करीत १९२८ च्या मार्चमध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे परतले. मागून येणारी मोटार नव्हती. लागेल ते सायकलीवर, नसेल ते वाटेत. आज ज्याला ‘सेल्फ सपोर्टेड’ म्हणून मोठे नाव दिले जाते, ते त्या पोरांनी शंभर वर्षांपूर्वी वाळवंटात करून दाखवले.

मग सामान सायकलीवरून उतरले. ते कार्बनने उतरवले नाही, पेट्रोलने उतरवले. १९७२ मध्ये फिरोदियांच्या किनेटिकने लुना आणली. पायडल होतेच, पण मारायची गरज उरली नाही. त्यामागून बजाजची एम-८० आली आणि दूधवाल्यांनी सायकलीचे आकडे उचलून तिला लावले. पुढे मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली. पेंढ्या, कॅन, गॅसची टाकी, बायको, दोन मुले, सगळे तिकडे गेले. यात वाईट काहीच नव्हते. चाळीस लिटर दूध घेऊन रोज चढ चढणाऱ्याला सायकलीचे गोडवे सांगणारा माणूस एक तर कवी असतो, नाही तर त्याने ते केलेले नसते.

पण परिणाम झाला. ज्या सायकलीवर सामान नाही, तिच्यावर काम नाही. आणि काम नसलेल्या वाहनाला रस्त्यावर मान राहत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, तरी रस्ते आखताना ती धरलेली दिसत नव्हती. कारण ती आता शाळकरी पोराची किंवा ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याची, असे ठरून गेले होते. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलासच्या साहिबाबाद कारखान्यात उत्पादन थांबले. काळी सायकल गेली, आणि जवळपास त्याच वर्षांत रंगीत, हलकी, महागडी सायकल उच्च मध्यमवर्गाच्या घरात भिंतीवर टांगली गेली. एकीवर बोजा होता म्हणून ती गरिबाची, दुसरीवर नाही म्हणून ती प्रतिष्ठेची.

ही दुसरी सायकल शर्यतीच्या पोटी जन्मली आहे, हे तिच्या अंगावर दिसते. शर्यतीत स्वाराच्या मागे संघाची मोटार असते. तिच्या टपावर जादा सायकली, आत चाके, पाणी, रेनकोट, मेकॅनिक. स्वार सडा असतो, कारण त्याचे बुणगे मोटारीत बसलेले असतात. कार्बनचे सांगाडे १९८० च्या दशकात व्यावसायिक शर्यतींत आले. १९८६ ची टूर द फ्रान्स ग्रेग लेमाँने जिंकली ती कार्बनच्या नळ्या वापरलेल्या ‘लुक’ सायकलीच्या जमान्यात. पुढे सायकली इतक्या हलक्या होत गेल्या की २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही असा नियम करावा लागला. ज्या यंत्राचा एकेक ग्रॅम मोजला जातो, त्यावर कॅरिअरच्या दोन भोकांसाठी कोण थांबणार?

घोळ पुढे झाला. शर्यतीसाठी बनलेले यंत्र शर्यत न धावणाऱ्यांना विकले गेले. दुकानात लेमाँची सायकल मिळते, लेमाँची मोटार मिळत नाही. मग रविवारच्या स्वाराची मोटार कोण? कधी घरून फोनवर बोलावलेला भाऊ, कधी सहलीचा टेम्पो. पंढरपूरच्या अनेक सायकलवाऱ्यांतही बॅगा टेम्पोतून पुढे जातात. पायी दिंड्यांचेही तसेच. तंबू आणि भांडी ट्रकमध्ये, वारकऱ्याच्या खांद्याला पडशी. शेकडो माणसांची सोय लावायची तर त्यात गैर काही नाही. पण एकट्याने, मनात आले तेव्हा, हवे तिकडे निघायचे असेल तर टेम्पो पाय बांधून ठेवतो.

हे बंधन पहिल्यांदा जाणवले ते ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायची सायकलफेरी, करणाऱ्यांना. गेल्या दीड दशकात हा प्रकार महाराष्ट्रात चांगलाच रुजला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्यत नाही, नंबर नाही. पण ठरलेल्या नाक्यांखेरीज वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही. या रिवाजाचे मूळ फ्रान्सच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसमध्ये, जी १८९१ पासून चालत आली आहे आणि जिचे १२०० किलोमीटर आज बहुतेक जण नव्वद तासांच्या मुदतीत गाठतात. पुण्या-मुंबईच्या ब्रेव्हे खंबाटकी ओलांडून साताऱ्याकडे येतात. रात्री दोन वाजता पावसात घाट उतरताना ज्याच्याजवळ दुसरा दिवा नाही, कोरडे जाकीट नाही, तिसरी ट्यूब नाही, त्याच्या सायकलीचे सात किलो काय कामाचे? सामानाशिवाय स्वातंत्र्य नाही, हे रस्त्याने त्याला शिकवले.

मग सामान लावायचे कसे? इथे कार्बनचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कार्बनचा धागा ज्या दिशेने घातला आहे, त्या दिशेने तो पोलादाला भारी पडतो. त्या नळीला बाजूने चिमटा काढला, एका जागी दाबले किंवा खडीने घासत ठेवले, तर ती हार खाते. पोलाद वाकून इशारा देते. कार्बन आतल्या आत तडकतो आणि वरून ठीक दिसतो. म्हणून कार्बनच्या सीटपोस्टला पकड आवळून मागे लोंबते कॅरिअर लावणे हा सर्वांत वाईट उपाय. सगळा भार एका अंगठीएवढ्या जागेवर येतो आणि प्रत्येक खड्ड्याला तिथेच हिसका बसतो. त्यात चाकांना तारा वीस आणि चोवीस, टायर २५ ते २८ मिलिमीटरचे, मागचे चाक सीटखाली ओढून घेतलेले. दोन्ही अंगांना पिशव्या लावल्या तर टाच त्यांवर आपटते.

चालणारा पहिला उपाय म्हणजे सीटमागची लांबट पिशवी. तिचे दोन पट्टे सीटच्या रुळांना, एक सीटपोस्टला. भरायची रीत महत्त्वाची. जड ते सीटपोस्टला लागून, म्हणजे अवजारे आणि ट्यूब, मधे कपडे, हलके ते शेपटाला. उलटे भरले की उभे राहून चढ मारताना पिशवी डावी-उजवी डुलते आणि प्रत्येक पायडलमागे स्वाराला ओढते. भरून झाल्यावर पिशवीचा तळ आणि टायर यांत चार बोटे अंतर हवे. बुटक्या माणसाच्या लहान सांगाड्यात ते मिळत नाही आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरला पिशवी टायरला घासते. दुसरी जागा सांगाड्याच्या त्रिकोणात. भार मधोमध आणि खाली, म्हणून सर्वांत स्थिर. पण पाण्याच्या बाटल्या काढाव्या लागतात. तिसरी हँडलवर, तीही हलकीच, नाहीतर उतारावर पुढचे चाक जड होते. आणि जिथे जिथे पट्टा नळीला टेकतो, तिथे पारदर्शक टेप आधी चिकटवायची. या भागातली रस्त्यावरची बारीक धूळ पट्ट्याखाली शिरली की सँडपेपरसारखी काम करते आणि चार दिवसांत रंग खाऊन धाग्यापर्यंत पोचते. कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा स्वार, सायकल आणि सामान धरून असते. ती वाचायची सवय नव्वद किलोच्या स्वाराने लावून घ्यावी.

याहून जास्त न्यायचे असेल, तर अलीकडे मागच्या आरपार एक्सललाच पाय जोडणारे कॅरिअर मिळतात. मूळचा एक्सल काढून त्या जागी लांब एक्सल घालायचा आणि त्याच्या दोन टोकांवर कॅरिअरचे पाय बसवायचे. भार सांगाड्याच्या बारीक नळ्यांवर न येता एक्सलवरून चाकात जातो. परदेशी बनावटीच्या या वस्तूची किंमत ऐकून घाम फुटतो, आणि तिचे तत्त्व तंतोतंत तेच, जे काळ्या सायकलीच्या कॅरिअरमध्ये होते. लाखो रुपयांचा आणि चाळीस वर्षांच्या संशोधनाचा फेरा मारून सायकल त्याच नटापाशी आली.

यावर जाणकार दोन हरकती घेतील. पहिली: सामान न्यायचे तर कार्बनची सायकल घ्यावीच कशाला? पोलादाची टूरिंग सायकल घ्या, भोके आयती मिळतील. हरकत खरी आहे. नव्याने घेणाऱ्याने तेच करावे. उसाच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग मारणारी दुकाने या भागात गावोगाव आहेत. पोलादाचे कॅरिअर मोडले तर तिथे बघता बघता जोडून मिळते, कार्बनला त्या दुकानात उपचार नाही. पण ज्याच्या घरात कार्बनची सायकल आधीच आहे, त्याला दुसरी घे म्हणणे म्हणजे पुन्हा दुकानाचेच भले. आहे त्या वस्तूकडून जास्त काम करून घेणे, ही आपली जुनी रीत.

दुसरी हरकत जास्त बोचरी: हे सगळे पोटभरल्यांचे चोचले आहेत, यांच्या पिशव्यांची चिंता अग्रलेखाने का करावी? कारण रस्त्यावर सायकलीला जागा हवी असे ज्याचे म्हणणे अधिकारी ऐकून घेतात, तो स्वार आज हाच आहे. दूधवाल्याने पन्नास वर्षे तेच मागितले असते तरी कोणी ऐकले नसते. हा स्वार फक्त रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना निघत राहिला, तर त्याला रस्त्याची गरज भासणार नाही. सामान बांधून कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी निघाला, तर उखडलेली साइडपट्टी त्यालाही दिसेल, जी शाळेला जाणाऱ्या मुलीला रोज दिसते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यांना दप्तराची जागा असते. वणी तालुक्यातल्या पुनवटची प्रणाली चिकटे २०२० मध्ये सामान सायकलीला बांधून एकटी महाराष्ट्र हिंडायला निघाली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत, मागे मोटार न घेता, १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. सामान स्वतः वाहणाऱ्या मुली या बाबतीत जर्सीवाल्या पुरुषांच्या पुढे आहेत.

म्हणून मागण्याही साध्या आहेत. शर्यतीखेरीजच्या प्रत्येक सायकलीवर, मग ती कार्बनची असो, कॅरिअरसाठी भोके ठेवावीत. वजन वाढेल ते काही ग्रॅमच. सायकल गटांनी सहलींबरोबर टेम्पो नेणे वर्षातून काही वेळा तरी टाळावे आणि नव्या माणसाला वेगाआधी पिशवी भरायला शिकवावे. रेल्वेने सायकलीला पार्सल न समजता प्रवाशाचे सामान समजावे, म्हणजे पुण्याहून येणारा स्वार कोरेगाव किंवा रहिमतपूर स्टेशनवर सायकलीसह उतरू शकेल. पंढरपूरच्या रस्त्याची साइडपट्टी वारीच्या आधी एकदा नव्हे, बारमाही सारखी ठेवावी.

आणि स्वारांनी स्वतःकडे पाहावे. सडेपणाचा दिमाख ठीक आहे, पण आपले ओझे कोण वाहतो आहे हे विचारल्याशिवाय त्याचा अभिमान बाळगू नये. घरची मोटार, टेम्पोचा ड्रायव्हर, वाटेत हाक मारली की धावणारा मित्र, हे सगळे आपल्या सात किलोंत धरायला हवेत. ते धरल्यावर काळी सायकल हलकी भरते. कार्बनच्या सायकलीवरून घरी जाताना कोरेगावच्या बाजारातून वाघ्या घेवड्याची दोन किलोंची पिशवी नेता आली पाहिजे. तोवर ती उत्तम यंत्र असेल, व्यायामाचे साधन असेल. वाहन म्हणवून घेण्याचा मान मात्र तिला अजून कमवायचा आहे.